गायकीच्या मागे चाल

बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. सेंद्रिय कपाशी, टिपेश्वर अभयारण्याच्या काठचं जंगल आणि कोलामी-वऱ्हाडी बोलींची सरमिसळ अशी तीन प्रकरणं आखलीस. मेहनत दिसते, पण ती तीन वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखी वाटतात. समिती नेमकं तिथंच धरेल, आणि बरोबरच धरेल.

दुसऱ्या पानावर एका शेतकऱ्यापुढे तू लिहिलंस, 'शेणखत: घरचेच', आणि पुढे गेलीस. अगं, थांबायचं तिथंच होतं! घरचं म्हणजे कुठलं? कोरडवाहू कपाशीला हेक्टरी साधारण ५ टन शेणखत टाका म्हणतात. त्यात अर्धा टक्का नत्र धरलं तरी २५ किलो झालं. धुऱ्यावरचं गवत आणि कडबा यावर गुरांचं वर्ष निघत नाही. ती दिवसभर जंगलात चरतात आणि शेण बरंचसं गोठ्यात येऊन टाकतात. म्हणजे आपण ज्याला सेंद्रिय वावर म्हणतो, त्याची सुपीकता काही अंशी जंगलातून पायी चालत येते. किती अंशी, तेच तुला काढायचं आहे. जीवामृतवाले (शेण-गोमूत्र आंबवून वावराला देणारे) म्हणतील, एकरी १० किलो शेणात भागतं. म्हणू दे. आपल्याकडे हा वाद निघाला की जेवणं थंड होतात. तू शेण तोल.

आता जंगल आणि बोली याला कुठं जोडायची? गायकीला, म्हणजे गावची गुरं चारणाऱ्याला, विचार. सकाळी आखरावर गुरं जमली की त्याच्या मागे चालायला लाग. कोणत्या महिन्यात कळप कुठं वळवतो, गाय काय ओरबाडते, कशाला तोंड लावत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. पडीत तरोटा माजलेला दिसला तर त्याला कारण विचार. मृगात कोवळ्या तरोट्याची भाजी आपण खातो, गुरं मात्र त्याला टाळतात. म्हणून चराई जास्त झाली की बाकीचं गवत संपतं आणि तरोटा उरतो. गवत मोजायच्या तुझ्या चौकटी अशा जागी टाक, आणि चराई बंद असलेल्या जागीही टाक, नाहीतर तुलना कशाशी करशील?

बोलीचं कामही चालता चालताच होईल. यादी हातात घेऊन 'याला काय म्हणता' असं विचारलंस की माणूस शाळेतलं मराठी काढतो. घरी कोलामी आणि आखरावर वऱ्हाडी बोलणारा गायकी तुला हाक वेगळ्या बोलीत देईल, शिव्या वेगळ्या बोलीत. (शिव्याही लिहून घे, लाजू नकोस.) कोलामी द्राविडी कुळातली, वऱ्हाडी मराठीची बोली, म्हणून गवताच्या नावांत कोणी कोणाकडून काय उचललं हे बघण्यासारखं आहे. मात्र प्रत्येक नावासोबत गवताचा वाळवलेला नमुना ठेव. एका नावाखाली दोन गवतं निघतात, आणि एकाच गवताला हिरवं असताना एक नाव, वाळल्यावर दुसरं, असंही होऊ शकतं. नमुना नसेल तर वनस्पतीवाले आणि भाषावाले दोघेही तुला झोडपतील.

मातीबद्दल तू फार आशा धरून बसली आहेस. दोन वर्षांत सेंद्रिय कर्बात म्हणावा असा फरक दिसत नाही, तेव्हा तसा दावा आराखड्यातून काढून टाक. आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते आणि जाळून मोजणारं यंत्र तिच्यातला कर्बही धरतं. आधी आम्ल घालून चुना घालवायचा, किंवा चुन्यातला कर्ब न धरणाऱ्या वॉकली-ब्लॅक पद्धतीनं करायचं. नमुने पेरणीच्या आधी घे, १५ सेंमीपर्यंतचे.

नकाशाचं मात्र ऐकच. गुरांच्या गळ्यात जीपीएस बांधायचं तू लिहिलंस. कळप अभयारण्याच्या हद्दीत कुठं शिरतो त्या रेषा तू प्रबंधात छापल्यास, तर दंड तुला होणार नाही, गायकीला होईल. त्यामुळे हद्दीजवळच्या खुणा पुसट कर, आणि काय छापणार हे ग्रामसभेत वाचून दाखव. २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचाही हक्क आहे, पण सगळ्या गावांचे दावे मंजूर झालेले नाहीत. गायकीला दिवसाची मजुरी दे. आभाराच्या पानावर नाव छापून त्याचं पोट भरत नाही.

नवा आराखडा चार पानांच्या वर नको. वाघाचं पान उडवलंस तरी चालेल, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. शेण तोलायला पन्नास किलोचा स्प्रिंगकाटा माझ्याकडे पडून आहे, रविवारी येऊन घेऊन जा.

तुझे सर