पाळण्यातलं नाव, दाखल्यावरचं नाव

प्रश्न : ऐरोलीला खाडीवर फ्लेमिंगो बघताना आमची बारावीतली मुलगी सांगत होती, की खारफुटीत डोळ्यांनी दिसणारा जीवाणू सापडलाय, त्याचं नाव ‘कँडिडेटस थायोमार्गारिटा मॅग्निफिका’. कँडिडेटस हे आडनाव का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : आडनाव नाही हो, उमेदवारी! हा जीवाणू आपल्या खाडीतला नव्हे, कॅरिबियनमधल्या ग्वादलूपचा. पाण्यात कुजणाऱ्या पानांवर सेंटिमीटरभर लांबीचे पांढरे दोरे, आणि एकेक दोरा म्हणजे एकच पेशी. २०२२ साली तो जगाला कळला.

जीवाणूला पक्कं नाव हवं तर त्याचं जिवंत शुद्ध कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली फक्त त्याचीच वाढ, दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावं लागतं. असा एक संग्रह आपल्या पुण्यातही आहे. पण जो प्रयोगशाळेत वाढतच नाही, तो ठेवणार कुठून? अशांसाठी १९९०च्या दशकात ‘कँडिडेटस’ची सोय निघाली. बारसं झालं, दाखला नाही. मोसंबी-संत्र्याच्या बागा उद्ध्वस्त करणारा, ग्रीनिंग रोगाचा जीवाणू घ्या : ‘कँडिडेटस लिबेरिबॅक्टर एशियाटिकस’. झाडं वाळवतोय, दप्तरी अजून उमेदवारच.

आणि असे थोडेथोडके नाहीत. ठाण्यात प्रॅक्टिकल घेताना मी खाडीचा चिखल मुलांकडून प्लेटमधल्या आगारवर (जीवाणू वाढवायच्या जेलीवर) लावून घ्यायचे. सूक्ष्मदर्शकाखाली लोकलच्या डब्यासारखी खच्चून गर्दी, आणि दोन दिवसांनी प्लेटवर पाच-सहा ठिपके. “बाई, बाकीचे कुठे गेले?” हा प्रश्न दरवर्षी ठरलेला.

प्लेटवर न वाढणाऱ्या त्या बाकीच्यांचा डीएनए आता थेट चिखलातून वाचता येतो. तोच पुरावा धरून पक्कं नाव द्यावं, हा प्रस्ताव नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये फेटाळला. मग काही शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये वेगळी नियमावलीच मांडली : ‘सीक्वेन्सकोड’. तिथे कल्चरऐवजी जीनोम, म्हणजे जीवाणूचा सगळा डीएनए वाचून केलेली नोंद, चालतो. म्हणजे आता दोन दप्तरं. माझा जीव प्लेटवाल्यांकडे ओढतो, कारण चिखलातून जुळवलेल्या जीनोममध्ये चुलतभावांचे तुकडे मिसळू शकतात. पण वाढत नाही म्हणून बिननावाचं ठेवायचं, हेही मला पटत नाही.

मुलीला खाडीच्या चिखलातले जीवाणू दिसायलाच हवे असतील, तर काचेच्या बरणीत चिखल, वर्तमानपत्राचे कपटे, उकडलेल्या अंड्याचा बलक आणि वर खाडीचंच पाणी घालून ती उजेडात ठेवू दे. काही आठवड्यांनी त्यांचे हिरवे-जांभळे पट्टे दिसू लागतील. झाकण मात्र गच्चीत उघडा. आमच्याकडे एकदा स्वयंपाकघरात उघडलं होतं, सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.