प्रश्न तुमचे : शेजारच्या चॅनेलला धक्का न लावता

गेल्या अंकात 'एका फायबरमधून अनेक चॅनेल जातात' हे मी ओझरतं लिहून गेले होते. या वेळची बहुतेक पत्रं त्याच एका वाक्यावर आली आहेत, आणि याचा मला मनापासून आनंद झाला. माझी नोकरी ट्रान्समिशनमध्ये झाली, त्यातली बरीच पुणे–कोल्हापूर मार्गावर. त्यामुळे उदाहरणांत तीच गावं येतील.

प्रश्न : आमच्या पुस्तकात ट्यूनेबल अ‍ॅड-ड्रॉप फिल्टरला अर्धं पान दिलं आहे. समीकरण कळलं, पण असा फिल्टर लागतो कशाला ते कळलं नाही. ठरावीक चॅनेलचा साधा फिल्टर बसवला तर काय बिघडतं?
*(अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, कराड)*

उत्तर : मागणी आहे तशीच राहणार असेल तर काहीच बिघडत नाही. ती तशी राहत नाही, हीच अडचण आहे.

पुण्याहून बेळगावकडे जाणारी एक लाइन डोळ्यांसमोर आण. समज, तिच्यावर चाळीस चॅनेल आहेत, म्हणजे लेझर प्रकाशाच्या चाळीस वेगवेगळ्या तरंगलांबी. सगळ्या 1530 ते 1565 नॅनोमीटरच्या पट्ट्यात, कारण काचेत प्रकाश सगळ्यात कमी विरतो तो याच भागात (किलोमीटरला साधारण 0.2 डेसिबल; डेसिबल हे प्रकाश किती घटला त्याचं माप) आणि प्रकाशाची ताकद वाढवणारे एर्बियमचे अ‍ॅम्प्लिफायरही इथेच काम करतात. मोजणी जगभर एकाच खुणेपासून होते : 193.1 टेराहर्ट्झ, म्हणजे 1552.52 नॅनोमीटर. तिथून दोन्हीकडे दर 100 गीगाहर्ट्झवर एक घर, म्हणजे एका चॅनेलची जागा. नॅनोमीटरमध्ये हे अंतर जेमतेम 0.8 भरतं.

आता कराडला यातले दोनच चॅनेल उतरवायचे आहेत. उरलेल्या अडतीस चॅनेलना कराडशी काही देणंघेणं नाही. ते प्रकाशाच्या रूपातच पुढे गेले पाहिजेत. नाहीतर प्रत्येकाला विजेच्या सिग्नलमध्ये उतरवून पुन्हा प्रकाशात चढवावं लागेल. प्रत्येकाला वेगळी कार्डं, त्यांची वीज, त्यांचा एसी, त्यांचे स्पेअर. उतरवलेल्या दोन चॅनेलची घरं रिकामी झाली, की त्याच तरंगलांबीवर कराडचा पुढचा ट्रॅफिक चढवायचा. ड्रॉप आणि अ‍ॅड म्हणजे एवढंच.

साधा फिल्टर कारखान्यातून निघतानाच एका घराला बांधलेला असतो. काचेवर पातळ थरांवर थर चढवून तो बनवतात; स्वस्त असतो, टिकाऊ असतो. पण कराडला तिसरा चॅनेल हवा झाला, की नवा फिल्टर घेऊन माणूस पाठवायचा, मध्यरात्रीनंतरची परवानगी मिळवायची, चालू ट्रॅफिक दुसऱ्या मार्गावर वळवायचा, लाइन उघडायची आणि पहाटेच्या आत सगळं पूर्ववत करायचं. चालू लाइन उघडणं हीच यातली सगळ्यात धोक्याची पायरी. ट्यून होणारा फिल्टर आधीच बसवलेला असेल, तर हेच काम पुण्यात बसून एका कमांडने होतं.

तो ट्यून कसा होतो, ते ब्रॅग ग्रेटिंगवरून लवकर समजेल. 1978 मध्ये कॅनडातल्या ओटावा इथल्या सरकारी प्रयोगशाळेत केनेथ हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की तीव्र प्रकाशाने फायबरच्या गाभ्यातच कायमची जाळी उमटते. या जाळीत अपवर्तनांक ठरावीक अंतरावर किंचित कमी-जास्त होत जातो आणि त्या अंतराशी जुळणारी एकच तरंगलांबी मागे फिरते. 1550 नॅनोमीटरसाठी हे अंतर अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास येतं. जाळी ताणली किंवा तापवली, की परतणारी तरंगलांबी बदलते. एक अंश तापवल्यावर ती साधारण 0.01 नॅनोमीटर सरकते. म्हणजे शेजारच्या घरात जायला ऐंशी अंश लागतील! म्हणून ताण किंवा दाब देतात. काच ताणापेक्षा दाब कितीतरी जास्त सोसते, त्यामुळे मोठी मजल मारायची तर दाबच बरा.

जाळीच्या दोन्ही बाजूंना एकेक सर्क्युलेटर, म्हणजे जाणारा आणि परतणारा प्रकाश वेगवेगळ्या तोंडांतून काढणारा भाग, बसवतात. जाळीवरून परतलेला चॅनेल पहिला सर्क्युलेटर वेगळ्या तोंडातून बाहेर काढतो, तो कराडचा. दुसऱ्या सर्क्युलेटरमधून आत सोडलेला नवा चॅनेल त्याच जाळीवर पलीकडच्या बाजूने आपटतो आणि बाकीच्यांबरोबर पुढे निघतो. तुझ्या पुस्तकातलं समीकरण बहुधा सिलिकॉनच्या कड्यांचं, म्हणजे आपल्या घेराशी जुळणारी तरंगलांबी उचलणाऱ्या सूक्ष्म गोल वाटांचं असेल. तिथे ताणाचं काम हीटर करतो, आणि सिलिकॉन तापमानाला फार लवकर दाद देतं : एका अंशाला 0.07 ते 0.08 नॅनोमीटर. दहा-अकरा अंशांत एक घर ओलांडलं. मात्र दहा मायक्रोमीटर त्रिज्येचं कडं दर नऊएक नॅनोमीटरवर पुन्हा तेच करतं, म्हणजे आपल्या पट्ट्यात एकाऐवजी तीन-चार चॅनेल पकडतं. म्हणून वेगवेगळ्या मापाची दोन कडी जोडतात. दोघांचं जिथे एकमत होतं, तेवढाच चॅनेल उतरतो. हे लक्षात ठेव, पुढच्या उत्तरात कामाला येईल.

प्रश्न : फिल्टर एका चॅनेलवरून दुसऱ्या चॅनेलवर सरकवताना मधल्या चॅनेलवर बोलत असलेल्या माणसांचे फोन तुटत नाहीत का?
*(निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)*

उत्तर : सर, या विषयात विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच आहे. माहितीपत्रकं तो विचारत नाहीत. 'किती वेळात ट्यून होतो' हे ठळक छापतात आणि 'जाताना वाटेतल्यांचं काय होतं' ही ओळच नसते.

जुन्या रेडिओचा काटा पुण्यावरून मुंबईवर नेताना मधली सगळी स्टेशनं खरखरत ऐकू यायची. रेडिओ ती फक्त ऐकतो. आपला फिल्टर मात्र ज्याच्यावर येतो त्याला लाइनमधून उचलून बाहेर काढतो, आणि पलीकडच्या गावी तेवढा वेळ अंधार होतो.

आकड्यांत बघू. जाळी 1550.12 नॅनोमीटरवर आहे, ती 1552.52 वर न्यायची आहे. मध्ये दोन चालू चॅनेल. हे 2.4 नॅनोमीटर सरकायला एक सेंटिमीटर लांबीची जाळी सुमारे 20 मायक्रोमीटर ताणावी लागते. पिझोच्या स्फटिकाला (वीज दिली की तो किंचित लांबतो) हे सहज जमतं. पण मधल्या चॅनेलवर फिल्टर एक मिलिसेकंद जरी रेंगाळला, तरी 10 गीगाबिटच्या चॅनेलवरचे एक कोटी बिट गेले. 100 गीगाबिटचा असेल तर दहा कोटी. बोलणाऱ्याला 'टक्' एवढंच ऐकू येईल, कदाचित तेही नाही. उपकरणांना मात्र ते कळतं. सिग्नल गेला की ती फायबर तुटलं असं समजून ट्रॅफिक दुसऱ्या मार्गावर टाकतात. एसडीएच या जुन्या ट्रान्समिशन पद्धतीच्या रिंगमध्ये, म्हणजे वर्तुळासारख्या जोडलेल्या मार्गात, हे 50 मिलिसेकंदांत उरकावं असा दंडक होता. म्हणजे कराडच्या सोयीसाठी केलेल्या बदलाने सांगली-मिरजेच्या लोकांचा मार्ग उगाच बदलतो, आणि नियंत्रण कक्षात लाल दिवे लागतात.

हे मी एका यंत्राच्या चाचणीत पाहिलं आहे. आम्ही फिल्टर एका रिकाम्या घरातून दुसऱ्या रिकाम्या घरात नेला आणि मध्ये लावलेल्या चाचणी-सिग्नलवर चुकांचा ढीग पडला. पुरवठादाराचा माणूस सांगत होता, ट्यूनिंग ठरल्या वेळेतच झालं. ते खरंच होतं. पण आमची तक्रार वेळेबद्दल नव्हतीच. मागितलेला चॅनेल उचलणं ही फिल्टरची निम्मी परीक्षा. न मागितलेल्यांना तो कसा वागवतो ही उरलेली निम्मी, आणि माझ्या मते तीच जास्त गुणांची.

यावर उपाय निघाले, आणि ते समजून घेताना मला आजही उत्साह येतो. लिथियम नायोबेटच्या स्फटिकात ध्वनिलहरी सोडून चालणारा एक फिल्टर आहे. 1550 नॅनोमीटरच्या आसपास त्याला साधारण 170 मेगाहर्ट्झचा ध्वनी लागतो. ध्वनीची वारंवारता चॅनेल निवडते आणि ध्वनीची तीव्रता तो किती उचलायचा ते ठरवते. दोन्ही हातात वेगवेगळ्या आहेत! मग आधी ध्वनी बंद करायचा, वारंवारता बदलायची आणि नव्या जागी ध्वनी पुन्हा सुरू करायचा. मधल्यांना पत्ताही लागत नाही. दोन ध्वनी एकदम सोडले तर दोन चॅनेल एकदम उतरतात. फक्त शेजाऱ्यांचा थोडा प्रकाश तो ओढून घेतो, हे त्याचं दुखणं.

दोन कड्यांच्या फिल्टरलाही असंच करता येतं. आधी एका कड्याला किंचित तापवून दोघांचं एकमत मोडायचं. एकमत नाही म्हणजे उचलणं नाही. मग दोघांना वेगवेगळं नव्या जागी न्यायचं आणि शेवटी जुळवायचं. एकट्या ब्रॅग जाळीला मात्र ही सोय नाही. ती जाईल तिथे परावर्तन घेऊनच जाते. तिचं मला वाईट वाटतं, कारण तिच्याइतकी स्वच्छ धारेची निवड कमीच फिल्टर करतात.

मोठ्या मार्गांवर शेवटी बाजी मारली ती वेव्हलेंथ सिलेक्टिव्ह स्विचने. त्यात सगळा प्रकाश आधी रंगांप्रमाणे पसरवतात, प्रत्येक चॅनेल लिक्विड क्रिस्टलच्या पडद्यावर आपापल्या जागी पडतो, आणि त्या जागेवरचे पिक्सेल त्याला कोणत्या तोंडाकडे वळवायचं ते ठरवतात. काही सरकतच नाही, मग वाटेत कोणी येणार कुठून? 100 गीगाहर्ट्झची घरंही आता सक्तीची राहिली नाहीत. 2012 पासूनच्या प्रमाणाप्रमाणे 12.5 गीगाहर्ट्झच्या पटीत हवं तेवढं रुंद घर घेता येतं.

प्रश्न : 99 टक्के प्रकाश उतरवून घेणारा फिल्टर चांगलाच म्हणायचा ना? एका टक्क्याने काय होतं?
*(तंत्रनिकेतनातले अध्यापक, नाशिक)*

उत्तर : निव्वळ उतरवून घ्यायचा असेल तर उत्तमच. त्याच तरंगलांबीवर नवा चॅनेल चढवणार असाल, तर तो एक टक्का छळतो. उरलेला जुना आणि चढवलेला नवा एकाच वारंवारतेचे. पुढच्या कुठल्याही फिल्टरला ते वेगळे करता येत नाहीत. शक्ती एक टक्का असली तरी लहरीची उंची तिच्या वर्गमुळाप्रमाणे, म्हणजे दहा टक्के. दोघांची मूळ शक्ती सारखी धरली आणि लहरी कधी जुळून, कधी विरुद्ध आल्या, तर नव्या चॅनेलची शक्ती सुमारे वीस टक्के वर-खाली डोलते. 99.9 टक्के काढून घेतले तरी डोल सहा टक्के राहतो, 99.99 ला तो दोनवर येतो. म्हणून अ‍ॅड-ड्रॉप करणारी माणसं टक्क्यांत न बोलता डेसिबलमध्ये बोलतात, आणि 30 वर (म्हणजे 99.9 टक्क्यांवर) समाधान मानत नाहीत, 40 (म्हणजे 99.99) मागतात.

विद्यार्थ्यांना आणखी एक दाखवा. फिल्टरच्या खिडकीच्या, म्हणजे तो जेवढा पट्टा जाऊ देतो त्याच्या, कडेला एका ठिकाणी अर्धा डेसिबल जात असेल तर कोणी लक्ष देत नाही. असे दहा फिल्टर ओळीने आले की तिथे पाच डेसिबल गेले, म्हणजे तिथला प्रकाश एक तृतीयांशाहूनही कमी उरला. खिडकी प्रत्येक गावाला अरुंद होत जाते. त्यामुळे माथा सपाट असलेला फिल्टर हवा, आणि तो वर्षानुवर्षं आपल्या जागेवरून ढळला नाही पाहिजे.

प्रश्न : वडील सांगायचे की फायबर पहिल्यांदा पुण्यात आलं. खरं का?
*(वाचक, पुणे)*

उत्तर : खरं. टेलिफोन एक्सचेंज जोडणारी देशातली पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा 1979 मध्ये पुण्यात सुरू झाली.

प्रश्न : मी तालुक्यात इंटरनेट पुरवतो. लातूरहून चाळीस किलोमीटरवर फायबरची एकच जोडी आहे, वाटेत तीन गावं. प्रत्येक गावाला वेगळा चॅनेल द्यायचा आहे. ट्यूनेबल फिल्टर घेऊ का?
*(व्यावसायिक, औसा)*

उत्तर : नका घेऊ. गावं तीनच, मागणी ठरलेली, आणि ट्यूनेबल फिल्टर म्हटलं की वीज, नियंत्रण आणि दुरुस्ती तिन्ही आली. तुम्ही सीडब्ल्यूडीएमचे (रुंद घरांच्या चॅनेलपद्धतीचे) साधे ड्रॉप-अ‍ॅड मॉड्यूल घ्या. त्यांना वीज लागत नाही, आणि गावच्या लोडशेडिंगमध्ये हा फार मोठा गुण आहे. 1271 ते 1611 पर्यंत दर 20 नॅनोमीटरला एक अशी यांत अठरा घरं असतात. तुम्ही 1471 ते 1611 या आठांतली निवडा, कारण फायबर जुनं असेल तर 1383 च्या आसपास काचेतलं पाणी प्रकाश खातं.

घरं इतकी रुंद ठेवण्यामागे कारण आहे. स्वस्त लेझरला थंड ठेवणारी यंत्रणा नसते, आणि तो अंशाला साधारण 0.1 नॅनोमीटर सरकतो. तुमच्या पत्र्याच्या पेटीत पहाटे 15 आणि मे महिन्याच्या दुपारी 65 अंश धरले, तर पाच नॅनोमीटर झाले. तेरा नॅनोमीटरच्या खिडकीत हे बसतं. शंभर गीगाहर्ट्झच्या घरात तो लेझर सकाळी एका चॅनेलवर आणि दुपारी सहा घरं पलीकडे दिसला असता.

हिशेब असा मांडा : फायबरचे सुमारे दहा डेसिबल, ओलांडलेल्या प्रत्येक मॉड्यूलचे एक ते दीड, प्रत्येक कनेक्टरचा अर्धा, आणि वर तीन राखीव, कारण जेसीबी फायबर तोडणार आणि दर वेळी एक-दोन स्प्लाइस (फायबरचे सांधे) वाढणार. ही बेरीज एसएफपीच्या (प्रकाश पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या छोट्या यंत्राच्या) क्षमतेत बसली की झालं. जोडणी करणाऱ्या मुलांना बजावून ठेवा की फायबरच्या टोकात डोळा लावून बघायचं नाही. हा प्रकाश दिसत नाही, पण इजा करतो. आणि मॉड्यूल बसवल्याच्या दिवशी तिन्ही गावांची पॉवर मीटरची वाचनं पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवा. पुढे लिंक बिघडली की तुलना करायला तेच आकडे लागतील.