पिपचा नकार आणि जुन्या पॅकेजांची यादी

प्रश्न : मार्केट यार्डातील एका अडत दुकानाचा हिशेब मी लिहिलेल्या पायथन प्रोग्रॅमवर चालतो. हळदीचे सौदे झाले की शेतकऱ्यांच्या पट्ट्या त्यातूनच छापल्या जातात. मागच्या महिन्यात सर्व्हर डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ११ व्या आवृत्तीवरून १२ व्या आवृत्तीवर नेला आणि दुसऱ्या दिवशी पट्टीच निघेना. मॉड्यूल सापडत नाही, एवढेच उत्तर येते. पायथनची पॅकेजेस टाकणाऱ्या पिप या साधनाने ते पुन्हा टाकायला गेलो, तर येथील पायथनची व्यवस्था बाहेरून पाहिली जाते, अशा अर्थाचा संदेश देऊन पिप थांबते. सक्तीचा पर्याय वापरून पुढे जा, असे एका मित्राचे म्हणणे आहे. तसे करावे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : करू नये. आपल्यापुढे दोन वेगळ्या अडचणी एकदम उभ्या राहिल्या आहेत आणि मित्राचा उपाय त्यांतील एकीवरच, तोही वरवरचा आहे.

पहिली अडचण मॉड्यूल न सापडण्याची. आपली पॅकेजेस पुसली गेलेली नाहीत, ती डिस्कवर जागच्या जागी आहेत. डेबियनमध्ये मुख्य वापरकर्ता म्हणून पिपने टाकलेली पॅकेजेस यूएसआर-लोकलखालच्या एका फोल्डरमध्ये जातात आणि त्या फोल्डरच्या वाटेत पायथनचा आवृत्ती क्रमांक असतो. डेबियन ११ चा पायथन ३.९ होता, १२ चा ३.११ आहे. नवा पायथन ३.११ च्या फोल्डरमध्ये शोधतो, तो रिकामा असतो, आणि ३.९ च्या फोल्डरकडे तो ढुंकूनही पाहत नाही.

दुसरी अडचण पिपच्या नकाराची. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून पिपने सर्व्हरच्या मूळ पायथनमध्ये थेट पॅकेजेस टाकू नयेत, असे सांगणारा पायथनचा पेप ६६८ हा प्रस्ताव तेथे लागू झाला. सर्व्हरवरची काही व्यवस्थापकीय साधने स्वतःच पायथनमध्ये लिहिलेली असतात आणि त्यांना लागणारी पॅकेजेस ॲप्ट हे डेबियनचे स्वतःचे साधन पुरवते. पिपने टाकलेले त्याच नावाचे पॅकेज मात्र शोधाच्या क्रमात आधी येत असल्याने, आपल्या पट्टीसाठी आणलेली आवृत्ती या साधनांच्याही गळ्यात पडते. सक्ती केल्यास आज पट्टी निघेल. पुढे एखादे साधन कोलमडले, तर त्याचा संबंध या पॅकेजशी जोडणे मात्र फार अवघड जाईल.

म्हणून आपली पॅकेजेस सर्व्हरच्या पायथनपासून वेगळी ठेवणारे, प्रोग्रॅमसाठीचे स्वतंत्र आभासी वातावरण, म्हणजे व्हेन्व्ह, तयार करावे. डेबियनमध्ये त्यासाठी ॲप्टकडून व्हेन्व्हचे वेगळे पॅकेज घ्यावे लागते. हे काम दहा मिनिटांचे आहे. खरा वेळ जातो तो आपण काय काय टाकले होते हे आठवण्यात.

बहुतेक जण येथे टाकलेल्या पॅकेजांची यादी देणाऱ्या पिपच्या फ्रीझ आज्ञेचा आधार घेतात. जुन्या सर्व्हरवर ती चालवली असती, तर यादीत आपल्या पॅकेजांबरोबर पायथन-ॲप्टसारखी ॲप्टने आणलेली नावेही आली असती, आणि अशी यादी नव्या वातावरणात जशीच्या तशी टाकली की पहिल्या अशा नावाशीच गाडी अडते. त्यापेक्षा ३.९ चा जुना फोल्डर उघडावा. प्रत्येक पॅकेजाचे नाव आणि आवृत्ती असलेला, डिस्ट-इन्फोने संपणारा एकेक उपफोल्डर तेथे दिसेल. त्यांपैकी काहींमध्ये रिक्वेस्टेड नावाची रिकामी फाइल असते. ती असेल, तर ते पॅकेज आपण स्वतः मागितले होते. नसेल, तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी गरजेपोटी पाठोपाठ आले. दीडशे उपफोल्डरांतून अशी दहाबारा नावे निघाली, तर नवल वाटू नये. तीच आपली यादी. उरलेली पॅकेजेस पिप आपसूक आणील.

जुन्या आवृत्त्यांचा हट्ट मात्र सगळीकडे धरू नये. नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजाची पायथन ३.११ साठी तयार बांधणी १.२३.२ या आवृत्तीपासून मिळते; त्याआधीची आवृत्ती मागितल्यास पिप ती सर्व्हरवरच बांधायला बसते आणि बहुधा त्रुटींचा ढीग पुढे टाकते. पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडणारे सायकोपीजी२ वापरत असाल, तर सी कंपायलर, पायथनच्या हेडर फाइली आणि पोस्टग्रेसच्या लिबपीक्यूचे विकसन पॅकेज आधी ॲप्टने घ्यावे.

शेवटी क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणारी सोय. रात्रीचा बॅकअप किंवा सकाळचा अहवाल क्रॉनमधून निघत असेल, तर त्या ओळीत व्हेन्व्हच्या आतील पायथनचा पूर्ण मार्ग लिहावा. वातावरण सक्रिय करण्याची आज्ञा तेथे लागत नाही. ही ओळ बदलायची राहते आणि हाताने चालवलेला प्रोग्रॅम चालतो, क्रॉनचा तेवढा पडतो. मीही यात एक अख्खी सकाळ घालवली आहे.

प्रश्न : आमच्याकडेही हीच वेळ आली आहे. व्हेन्व्ह आणि पिपच्या ऐवजी एकदम यूव्ही या नव्या साधनाकडेच गेलो तर?
— एक वाचक, कराड, जि. सातारा

उत्तर : यूव्ही चांगले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले, रस्ट या भाषेत लिहिलेले हे साधन पिपपेक्षा पुष्कळ वेगवान आहे, आणि त्याची लॉक फाइल पाठोपाठ आलेल्या पॅकेजांच्याही नेमक्या आवृत्त्या नोंदवून ठेवते. तरीही सर्व्हर बदलतानाच साधन बदलू नये, कारण काही बिघडले तर दोष नव्या पायथनचा की नव्या साधनाचा, हे कळायला मार्ग उरत नाही. आधी वरच्या रीतीने यादी काढावी, व्हेन्व्हमध्ये प्रोग्रॅम महिनाभर चालू द्यावा, मग यूव्हीकडे वळावे. पिपची यादी त्याला वाचता येते, त्यामुळे केलेले काम वाया जाणार नाही. यादीची फाइल मात्र प्रोग्रॅमच्या कोडबरोबरच ठेवावी. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये पायथन ३.१३ आहे, आणि तिकडे जाताना आजचे व्हेन्व्ह टाकून देऊन याच यादीवरून नवे उभारावे लागेल.