पहिली सोलो क्रॉस-कंट्री: सुरुवातीला एवढंच सांभाळा

सोलो क्रॉस-कंट्री म्हणजे शिकाऊ वैमानिकाने एकट्याने विमान दुसऱ्या गावापर्यंत नेणं. बारामती-सोलापूर हा मार्ग पहिल्यांदासाठी चांगलाच आहे. साधारण 85 नॉटिकल मैल, वारा नसेल तर सेसना 172 या छोट्या विमानाला पन्नासेक मिनिटं.

नवशिके सगळ्यात जास्त फसतात ते खुणा निवडताना. वरून गावं सारखीच दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. डावीकडे उजनीची भिंत, पुढे मोहोळजवळची रेल्वे असं ठळक काही धरा. आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन. उलट केलंत की खाली दिसेल ते गाव नकाशात हमखास 'सापडतं'! प्रत्येक खुणेवर वेळ लिहा. तीन-चार मिनिटं उशीर दिसला तर वारा बहुतेक समोरून आहे. इंधनाचा हिशोब तिथेच पुन्हा करा.

- इंधन डिपस्टिकने स्वतः मोजा, गेजवर विसंबू नका. उतरताना तासाभराचं शिल्लक हवं.
- नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) वाचा. एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) यांचे नंबर हातात आल्याशिवाय उड्डाण नाही.
- उन्हाळ्यात सकाळीच निघा. दुपारच्या उष्ण हवेत धावपट्टी जास्त लागते.

समोर धूसर होत चाललं तर दृश्यता 5 किलोमीटरच्या खाली जायची वाट न बघता मागे वळा. वाट चुकल्यासारखं वाटलं तर लगेच रेडिओवर सांगा, त्यात कसली लाज? जीपीएसचे बारकावे नंतर.