लाइट की लेझर? आधी चेहऱ्यावर काय आहे ते पाहू

चवथीच्या आधीचे दिवस आणि तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई, या दोन हंगामांत आमच्या गोव्यातल्या स्किन क्लिनिकमध्ये एक प्रश्न हटकून येतो. चेहरा तरतरीत दिसायला लाइट घेऊ की लेझर? मी इथे समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. माणसाला नक्की काय हवंय ते ऐकायचं आणि खर्च, वेळ, धोका यांचा हिशेब त्याच्यापुढे मांडायचा, एवढं माझं काम. त्यातलीच एका शिक्षिकेची ही हकीकत. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

बाई डिचोलीच्या बाजूच्या, पंचेचाळिशीतल्या. मुलाचं लग्न डिसेंबरात, आणि त्या आल्या ऑगस्टमध्ये. हातात एका पार्लरचा कागद, सहा सिटिंगच्या फोटोफेशियलचा, म्हणजे चेहऱ्यावर लाइट मारून घेण्याचा. धाकटी जाऊ लिस्बनला असते. तिने तिथे हेच करून घेतलं होतं आणि व्हॉट्सअॅपवर आलेले तिचे फोटो खरंच सुरेख होते.

“जावेचं एवढं चांगलं झालं, मग माझं का नाही होणार? आणि शाळेतली एक टीचर म्हणते लाइटबिट नको, लेझरच कर, ती पॉवरफुल. तुम्ही फक्त कुठलं ते सांगा, मी पैसे भरून जाते.”

पैसे भरून घेणं आम्हालाही जड नव्हतं, दोन्ही मशिनं आमच्याकडे आहेत. पण जावेचा चेहरा आणि बाईंचा चेहरा यांत फरक होता. जाऊ गोरी, नाकागालावर उन्हाचे तपकिरी ठिपके आणि थोडी लाली. अशा त्वचेला आयपीएल, म्हणजे इंटेन्स पल्स्ड लाइट, छान लागू पडते. त्या मशीनमध्ये झेनॉनचा दिवा असतो आणि त्याचा प्रकाश साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटर अशा रुंद पट्ट्यात पसरलेला असतो. फिल्टर लावून त्यातला नको तो भाग अडवतात. उरलेला प्रकाश त्वचेला रंग देणारं मेलॅनिन आणि रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं. ठिपका तापतो, आधी गडद होतो, मग आठवडाभरात खपली होऊन झडतो. जावेच्या त्वचेत मेलॅनिन होतं ते मुख्यतः ठिपक्यात. बाईंच्या सावळ्या त्वचेत ते सगळीकडे आहे. तिथे प्रकाशाला डाग कुठला आणि चांगली कातडी कुठली, हे नीट वेगळं काढता येत नाही. बेताने मारली नाही तर भाजतं, आणि मशीनच्या तोंडाच्या आकाराचे चौकोनी चट्टे उमटतात. असे चट्टे घेऊन आलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. नंतर ते काळे पडतात आणि जायला महिनेच्या महिने घेतात.

फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेचं उन्हाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून वर्गीकरण केलं. त्याच्या आजच्या, अगदी गोऱ्यापासून गडद काळ्यापर्यंतच्या सहा प्रकारांपैकी आपली बहुतेक माणसं चौथ्या-पाचव्यात बसतात. लिस्बनचं सेटिंग डिचोलीला चालत नाही ते यामुळे.

मग टीचर म्हणाल्या तशी लेझर? लेझर म्हणजे एकच मशीन असं आपण धरून चालतो, आणि ‘पॉवरफुल’ हा शब्द तर मला अजिबात आवडत नाही. लेझरचा प्रकाश एकाच तरंगलांबीचा असतो हे खरं, पण ती तरंगलांबी कुठली यावर सगळं ठरतं. १०६४ नॅनोमीटरची एनडी-याग खोल जाते आणि मेलॅनिनमध्ये कमी अडकते, म्हणून सावळ्या त्वचेला त्यातल्या त्यात सुरक्षित. १०,६०० ची कार्बन डायऑक्साइड लेझर त्वचेतल्या पाण्याला तापवते आणि वरचा थर उडवते. फ्रॅक्शनल प्रकारात ती बारीक बारीक भोकांतून जाते आणि मधली कातडी शाबूत ठेवते. मुरमांच्या खड्ड्यांना, सुरकुत्यांना ती उपयोगी, पण चार-आठ दिवस चेहरा लाल, सुजलेला, खपल्यांचा. नावं दोघींची लेझर, पण कामं अगदी वेगळी.

‘कॅन्सर तर होत नाही ना?’ हेही बाईंनी हळूच विचारलं. हे किरण एक्स-रेसारखे नाहीत, आणि आयपीएलमधला अतिनील भाग फिल्टर अडवतो. भीती बाळगायची तर भाजण्याची आणि डोळ्यांची. गॉगल न देता कोणी मशीन लावत असेल तर तिथून उठून यावं.

आमच्या डॉक्टरांनी बाईंचा चेहरा डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने पाहिला तेव्हा त्या एका ‘रिज्युवेनेशन’च्या, म्हणजे चेहरा तरतरीत करण्याच्या पोटात तीन गोष्टी निघाल्या. दोन्ही गालांवर वांग. मानेवर आणि डोळ्यांखाली काळे बारीक उंच दाणे, आपल्याकडे फार घरांत दिसतात ते. आणि कपाळावर वयाच्या रेघा. दाण्यांना आयपीएल लागूच पडत नाही, ते रेडिओफ्रिक्वेन्सीने जाळून काढतात. वांगाला आयपीएल दिली तर कधी आधी फिका होतो आणि मग दुपटीने उसळतो. एनडी-यागने लेझर टोनिंग, म्हणजे कमी ताकदीची लेझर पुन्हा पुन्हा फिरवणं, करतात, पण फार वेळा केलं तर पांढरे ठिपके पडू शकतात आणि थांबल्यावर वांग परतही येतो. म्हणून वांगावर मशीन हा पहिला उपाय नव्हे.

गालांवर डॉक्टरांना आणखी काहीतरी खटकलं. कातडी पातळ, बारीक लाल शिरा दिसणाऱ्या. बाहेर येऊन आम्ही दोघीच बसलो तेव्हा मी विचारलं, “क्रीम कुठली लावता?”

“काही नाही. फेसवॉश.”

“आणि रात्री?”

बऱ्याच वेळाने पर्समधून ट्यूब निघाली. शेजारणीने सुचवलेली, फार्मसीतून दर वेळी चिठ्ठीशिवाय आणलेली, दोन-अडीच वर्षं लावलेली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड, तिन्ही एकत्र. हीच क्रीम डॉक्टर वांगावर देतात, पण मोजक्या आठवड्यांसाठी आणि नजर ठेवून. वर्षानुवर्षं लावली की स्टेरॉइड कातडीचं हेच करतं. अशा गालांवर पार्लरमध्ये आयपीएल मारली असती तर काय झालं असतं, याचा विचार नको वाटतो. पार्लरच्या त्या कागदावर क्रीमबद्दल एक प्रश्न नव्हता.

हे त्यांनी डॉक्टरांना का सांगितलं नाही? “ओरडतील म्हणून,” असं त्या म्हणाल्या, आणि मग खरं बाहेर आलं. लग्नाच्या मंडपात जावेच्या शेजारी उभं राहायचं. लग्न होऊन आल्यापासून घरात दोघींची तुलना चालत आलेली. इथे पुष्कळ समुपदेशक ‘स्वतःला स्वीकारा’ म्हणतात. मला ते पटत नाही. मुलाच्या लग्नात बरं दिसावंसं वाटणं यात स्वीकारायचं काय राहिलं? मी फक्त एक विचारलं, डाग जायला हवेत की रंग उजळायला हवा? कारण रंग उजळवणारं मशीन आमच्याकडे नाही, आणि कोणी ते आहे म्हणत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. बाई थोडा वेळ बसल्या आणि म्हणाल्या, “डाग गेले तरी पुरे.”

मग योजना सोपी झाली. क्रीम एकदम बंद केली तर चेहरा भडकतो, म्हणून डॉक्टरांनी ती हळूहळू सोडवली आणि वांगासाठी अझेलिक अॅसिड सुरू केलं. मानेवरचे दाणे सप्टेंबरातच काढले, कारण खपल्या पडून खुणा पुसायला लग्नाआधी दोन-तीन महिने हवेत. सनस्क्रीन आयर्न ऑक्साइडची, त्वचेच्या रंगाची, कारण वांगाला नुसतं अतिनील नव्हे, दिसणारा प्रकाशही चाळवतो. दोन बोटं भरून, दर दोन-तीन तासांनी. “पावसात कशाला? ऊन कुठे आहे?” हा गोव्यातला नेहमीचा प्रश्न. ढगांतूनही अतिनील किरण येतात, आणि चवथ सरली की ऑक्टोबरचं ऊन तर भाजूनच काढतं. स्कूटरवर हेल्मेटची काच खाली, वर सुती स्टोल, हेही ठरलं.

पार्लरचं पॅकेज रद्द करायला त्यांना संकोच वाटत होता. मी म्हटलं, तिथे तीन प्रश्न विचारा. मशीन कोण चालवणार, माझ्या रंगाच्या त्वचेसाठी सेटिंग काय, आणि आधी कानामागे टेस्ट पॅच, म्हणजे छोट्या जागेवर करून पाहणं, करणार का? दुसरं मत हवं तर बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वचाविभाग आहे, तिथे पॅकेज विकणारं कोणी नाही. बाईंनी प्रश्न विचारले. टेस्ट पॅच काय ते तिथल्या मुलीला ठाऊक नव्हतं. आगाऊ रक्कम निम्मी परत मिळाली.

डिसेंबरात वांग पूर्ण गेला नव्हता, पण मेकअपखाली झाकण्याजोगा फिका झाला होता. कपाळाच्या रेघांना हातच लावला नाही. लग्नाच्या तोंडावर त्वचेशी नवा खेळ नको, हे डॉक्टरांचं आणि माझं एकमत.

शिगम्याच्या सुमारास फोन आला. गाल पुन्हा गडद दिसताहेत, आता तरी लेझर करू या का? डॉक्टरांनी आधी सनस्क्रीन कुठली लावता ते विचारलं. ट्यूब संपून महिना झाला होता. वांग असाच असतो, दबतो आणि संधी मिळाली की वर येतो. बाईंनी नवी ट्यूब नेली, अझेलिक अॅसिड चालू राहिलं. एनडी-यागचा टेस्ट पॅच पावसाळ्यात पाहू, असं डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून ठेवलं आहे.