कॉलेजचा सेंटर आणि प्रो लीगची वाट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाचा नेरूळला राहतो, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, उंची सहा फूट एक इंच, कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू. ड्राफ्टमधून, म्हणजे लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्यातून, प्रो लीगमध्ये जाता येईल का, आणि त्यासाठी कॉलेज सोडावं का? ठाणे-नवी मुंबईच्या कोर्टांवर आधी खेळलो, आता पोरांना शिकवतो, त्या अनुभवावर सांगतो.

ड्राफ्टचं आधी उरकून टाकू. एनबीए म्हणजे अमेरिकेची प्रो लीग. तिच्या नियमानुसार अमेरिकेबाहेरचा खेळाडू ज्या वर्षी 22 चा होतो त्या वर्षी आपोआप पात्र ठरतो. म्हणजे भाचाही ठरेल, आणि समोरच्या टपरीवाल्याचा मुलगाही! निवड मात्र दोन फेऱ्यांत जेमतेम साठ जणांची. 2015 मध्ये सतनाम सिंग 52 वा निवडला गेला, असा तो पहिला भारतीय. तो सात फुटांच्या वर, आणि पोरवयातच फ्लोरिडाच्या अकादमीत गेलेला. तरी एनबीएच्या मुख्य सामन्यात त्याला एकदाही उतरता आलं नाही.

आता खरा मुद्दा. सहा-एकचा मुलगा सेंटर खेळतो, कारण कॉलेजात त्याच्याहून उंच कोणी नाही. आपल्याकडे सर्रास हेच होतं. बास्केटकडे पाठ करून उभं राहायचं, बॉल मागायचा, एक खांदा मारायचा आणि टाकायचा. इंटर-कॉलेजला पॉइंट पडतात, घरचे खूश. युनिव्हर्सिटीच्या ट्रायलला तेच पोर साडेसहा फुटी मुलापुढे उभं राहतं, दोन शॉट ब्लॉक होतात, मग कोच त्याला बास्केटपासून लांब आणून बॉल हातात देतो. तिथे सगळं उघडं पडतं. डावीकडे जायला सांगितलं तरी चेंडू उजव्याच हातात, नजर चेंडूवर, आणि कोपऱ्यात मोकळा उभा असलेला साथीदार दिसतच नाही. या उंचीला वरच्या पातळीवर गार्डच, म्हणजे बाहेरून चेंडू घेऊन खेळ चालवणारा, म्हणून खेळावं लागतं. म्हणून यंदाचं वर्ष डावा हात, पिक अँड रोल (साथीदार बचावपटूला अडवून मग बास्केटकडे वळतो ती चाल) आणि थ्री-पॉइंटर, म्हणजे रेषेबाहेरून मारायचा तीन गुणांचा शॉट, यांवर घालवा. आंतरराष्ट्रीय नियमांत ती रेषा 6.75 मीटरवर असते. आपल्याकडच्या कित्येक सिमेंटच्या कोर्टांवर ती पुसट झालेली असते, तेव्हा टेप घेऊन मोजा आणि खडूने आखा. पावसाळ्यात शेवाळलेल्या कोर्टावर उड्या मारू नका, गुडघा गेला की सगळंच गेलं.

कॉलेज सोडायचं तर नावच काढू नका. इंटर-कॉलेज, मग मुंबई विद्यापीठाचा संघ, पश्चिम विभाग आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ, ही सगळी दारं प्रवेश असेल तरच उघडतात. त्याच्या जोडीला जिल्हा संघटनेकडून राज्य स्पर्धा खेळायची. तिथून राज्याच्या संघात निवड झाली की राष्ट्रीय स्पर्धा.

तिथे बघणारे कोण? रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, सेनादल. भारतात बास्केटबॉलवर पोट भरणारे बहुतेक जण अशा संघांत नोकरी करून खेळतात. घरी हे सांगितलं की चेहरे पडतात, पण पगार दरमहा येतो. लीगचं तसं नाही. यूबीए ही इथली प्रो लीग 2015 ला सुरू झाली आणि 2017 नंतर थांबली. 2025 च्या सुरुवातीला दिल्लीत आयएनबीएल प्रो ही दुसरी लीग झाली: 25 वर्षांखालचे भारतीय खेळाडू, सोबत परदेशी, सहा संघ, त्यात मुंबई टायटन्सही. मिळाली तर जरूर खेळावी, मात्र घरखर्च तिच्यावर बेतू नये. थ्री-एक्स-थ्रीही, म्हणजे तीन विरुद्ध तीनचा खेळही, खेळू द्या, त्यात लपायला जागा नसते.

अमेरिकेच्या कॉलेजांचा विचार असेल तर उशीर होत चाललाय. तिथे पहिल्या डिव्हिजनला, म्हणजे कॉलेज खेळाच्या सर्वांत वरच्या पातळीला, पात्रतेचं घड्याळ (किती वर्षं खेळता येईल त्याची मोजणी) पूर्णवेळ कॉलेज प्रवेशापासून चालू होतं, मग तो प्रवेश वाशीत घेतलेला का असेना. तिकडच्या कोचला पाठवायला पूर्ण सामन्याचं रेकॉर्डिंग लागतं, नुसत्या डंकच्या (उडी मारून चेंडू थेट बास्केटमध्ये कोंबण्याच्या) क्लिपा नाहीत.

आणि सर्टिफिकेटं जपा. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. स्पर्धा मान्यताप्राप्त आहे का, हे नाव देण्याआधीच विचारून घ्या. भाच्याचा डाव्या हाताने ड्रिबल करतानाचा व्हिडिओ टाका, बघून सांगतो.