हौशी आकाशदर्शन गटाची वार्षिक वर्गणी किती ठेवावी? विद्यार्थी आणि नोकरदार यांच्याकडून सारखीच घ्यावी का?

तुमचा प्रश्न वाचताना आमच्याच जुन्या सभेचं इतिवृत्त वाचतोय असं वाटलं. तुम्ही लिहिलंय की गटात ३० नावं आहेत, त्यातले १० विद्यार्थी. सगळ्यांनी पैसे काढून घेतलेली सुमारे ४५ हजारांची आठ इंची दुर्बीण आहे, बैठकीला शाळेने फुकट दिलेली खोली आहे आणि वर्षाचा खर्च १२ हजार. म्हणून १२ हजार भागिले ३०, प्रत्येकी ४००. त्यावर पोरं म्हणतात ४०० जास्त होतात, आणि जे आकाशदर्शनाला माळावर कधीच येत नाहीत ते म्हणतात, आम्ही का द्यायचे?

मी कोल्हापूरकडच्या अशाच एका छोट्या गटाचा सहा वर्षं खजिनदार होतो. लष्कराच्या भाकऱ्या भाजायचं काम, पण हिशेब चुकला की चटके आपल्यालाच. तुमचा ४०० हा आकडा चुकलाय असं माझंही मत आहे, फक्त उलट्या बाजूने. तो कमी आहे.

आधी आमची चूक सांगतो. आमचा वर्षाचा खर्च ४२ हजार होता. खोलीचं भाडं महिना १,५०० म्हणजे १८ हजार, विजेचे ३,६००, हिशेब तपासनिसाचे ५ हजार, दुर्बिणींची देखभाल ४ हजार, पत्रकं-झेरॉक्स-फलक वगैरे २,४००, आणि दुर्बिणींच्या घसाऱ्यापोटी (म्हणजे त्या जुन्या होतात, पुढे नव्या घ्याव्या लागतील म्हणून) बाजूला टाकायचे ९ हजार. वहीत नावं ४६. आम्ही भागाकार केला, ९१३ आले, मोठ्या मनाने ९०० ठेवले आणि टाळ्या वाजवून सभा उठली.

वर्षअखेर ९०० देणारे निघाले ३५. जमले ३१,५००. खड्डा साडेदहा हजारांचा.

उरलेले ११ कोण? तिघे नुसते नावापुरते. २६ डिसेंबर २०१९च्या सूर्यग्रहणाच्या सुमारास आमच्याकडे भराभर माणसं आली होती, त्यातलेच हे. ग्रहण सुटलं, माणसंही सुटली, वहीतली नावं तेवढी राहिली. आणि आठ जण आजीव सभासद. त्यांच्याकडे पुढे येतो, कारण तिथे आमचा मूर्खपणा जरा मोठा आहे.

तो खड्डा पहिल्या वर्षी मी पदरमोड करून भरला. पुढची दोन वर्षं एका सधन सभासदांनी आपणहून भरला. माणूस सज्जन होता, पण हळूहळू असं झालं की आकाशदर्शनाची तारीख त्यांना विचारून ठरायला लागली, आणि त्यांनी काही सुचवलं की कुणी नाही म्हणेना. त्यांनी कधी मागितलं नव्हतं हे, आम्हीच दिलं. मग त्यांची बदली झाली आणि गटाचे पैसे आणि कणा दोन्ही एकदमच गेले. म्हणून भागाकार करताना खाली वहीतली नावं घालू नका. गेल्या वर्षी ज्यांनी खरोखर पैसे दिले तेवढीच डोकी मोजा.

आता ‘आम्ही येत नाही तर का द्यायचे’ याबद्दल. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला झटकून टाकू नका. त्याचं उत्तर खर्चाचे दोन ढीग केले की आपोआप मिळतं. एक खर्च असा की तुम्ही या नाहीतर येऊ नका, तो होणारच: भाडं, वीज, देखभाल, घसारा. तो वर्गणीत. दुसरा खर्च तुम्ही आलात म्हणून झालेला: गाडी, जेवण, माळाच्या मालकाला दिलेले चार पैसे. तो वर्गणीत अजिबात घालायचा नाही, जो येईल त्याने द्यायचा. आमच्याकडे दहा जणांची जीप साडेचार हजारांना ठरायची, माणशी ४५०. वाडीवरच्या मावशींकडचं पिठलं-भाकरी १२०. आम्ही ६०० घ्यायचो आणि उरलेल्या तिसात चहा. हे वेगळं केल्यावर घरी बसणाऱ्यांची कुरकुर निम्म्याने कमी झाली, कारण त्यांना कळलं की ते दुसऱ्याच्या भाकरीचे पैसे देत नाहीयेत.

यात एकच कुसळ आहे, ढग. जीपवाल्याला आगाऊ दिलेले पैसे ढग आले म्हणून परत मिळत नाहीत. आम्ही एकदा १३ डिसेंबरला जेमिनिड उल्का बघायला गेलो आणि पहाटे चारपर्यंत गोधडीत बसून ढगांची बुडं बघितली. दुसऱ्या दिवशी तिघांनी पैसे परत मागितले. तेव्हापासून नियम केला: गाडी निघाली की पैसे गेले, निघायच्या आधी रद्द झालं तर जेवणाचे परत, आगाऊ दिलेली रक्कम सगळ्यांत विभागून. नियम आधी कागदावर असला की भांडण ढगांशी होतं, खजिनदाराशी नाही.

खरा वाद मात्र पावसाळ्याचा असतो, आणि तो तुमच्याकडेही येणार. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आकाशच नाही. ऑगस्टमधला ययाती (पर्सिड) उल्कावर्षाव आम्ही दरवर्षी फक्त कॅलेंडरात बघतो. मग सभासद म्हणतो, चार महिने गट बंद, तर वर्गणी आठ महिन्यांचीच घ्या. ऐकायला बरोबर वाटतं. पण दुर्बिणीला सगळ्यात जास्त जपावं लागतं ते याच चार महिन्यांत. आमच्या एका नेत्रिकेत (दुर्बिणीला डोळा लावायच्या भिंगात) एका पावसाळ्यात बुरशीचं जाळं धरलं, कोळ्याने विणल्यासारखं, आणि ती पुसून गेली नाही. काचेवरच्या थरालाच खाऊन बसली होती. दुर्बिणीच्या आरशावरचा अ‍ॅल्युमिनियमचा थरही दमट हवेत लवकर निस्तेज होतो. काही वर्षांनी तो काढून नवा चढवून घ्यावा लागतो, आणि तो खर्च एकदम अंगावर येतो. म्हणून आम्ही नेत्रिका पत्र्याच्या ट्रंकेत सिलिका जेल घालून ठेवायला लागलो. निळे दाणे ओल पिऊन गुलाबी झाले की गरम करून परत निळे करायचे. (त्यासाठी स्वयंपाकाचा तवा वापरू नका. निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, तो पोटात जाता कामा नये. एक जुनं पातेलं कायमचं त्यालाच ठेवा.) हे काम आणि भाडं पावसाळ्यात थांबत नाही. हे मी सभेत नुसतं बोलून दाखवलं तेव्हा कुणाला पटलं नाही. बुरशी आलेली नेत्रिका हातोहात फिरवली तेव्हा पटलं.

मासिक वर्गणी मात्र घेऊ नका. महिन्याला शंभर-सव्वाशे ऐकायला हलके वाटतात, पण खजिनदाराला वर्षातून बारा वेळा तोंड वेंगाडावं लागतं. आणि पावसाळ्यात देणं बंद पडलं की ते परत सुरू होत नाही. वर्षाची एकदम घ्या, ज्याला जड जाईल त्याला दोन हप्ते द्या. घ्यायची वेळ ऑक्टोबर. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं म्हणून आम्ही आधी एप्रिलमध्ये मागायचो, म्हणजे दुर्बीण गुंडाळायच्या तोंडावर. कोण देणार? ऑक्टोबरमध्ये आकाश धुऊन निघालेलं असतं, शनी किंवा गुरू जो वर असेल तो दाखवला की खिशात हात लवकर जातो. हिशेबाचं वर्ष एप्रिल-मार्चच राहू द्या, वर्गणीचं वर्ष वेगळं असायला कुणाची हरकत नसते. नवीन माणसाला पहिल्या दोन बैठका मोफत, तिसरीला पावती.

विद्यार्थ्यांना निम्मी ठेवा असंच मी म्हणेन. पण आधी पूर्ण वर्गणी ठरवून मग विद्यार्थ्यांना सूट दिली तर परत खड्डा पडतो. हिस्से मोजा. विद्यार्थी म्हणजे अर्धा हिस्सा. आमच्या ३५ जणांत २३ कमावते आणि १२ विद्यार्थी होते. २३ अधिक ६, झाले २९ हिस्से. ४२ हजार भागिले २९, साधारण १,४५०. आम्ही १,५०० आणि ७५० ठेवले. जमतात ४३,५००, म्हणजे दीड हजार वर राहतात. ते मुद्दाम राहू दिले, कारण दरवर्षी दोघा-तिघांना खरंच जमत नाही.

त्या दोघा-तिघांचं कसं करायचं, यावर आमच्यात सगळ्यात जास्त वाद झाला. एक सूचना आली की ज्याला वर्गणी परवडत नाही त्याने काम करावं: दुर्बीण उचलावी, ट्रंक न्यावी, सतरंज्या घालाव्यात. एक हंगाम केलं तसं. मग एका रात्री माझ्या लक्षात आलं की उतरताना नेहमीची दोन पोरं दुर्बिणीचा जड पाया वाहतायत आणि बाकीचे मफलर गुंडाळून ध्रुवतारा शोधतायत. कुणाची वर्गणी माफ आहे हे न सांगता सगळ्या माळाला कळत होतं. ती पद्धत त्याच आठवड्यात बंद केली. दुर्बीण सगळ्यांनी उचलायची. सवलत फक्त खजिनदाराला माहीत असावी, अर्ज नको, दाखला नको, कारण विचारू नये, आणि पावती इतरांसारखीच. याचा गैरफायदा कुणी घेतला का? सहा वर्षांत एकाने, आणि त्याची गाडी माझ्या गाडीपेक्षा मोठी होती. एवढं सोसायचं.

आता आजीव सभासद. कुणीतरी तुमच्या सभेत ही कल्पना मांडणारच: प्रत्येकी २,००१ घ्या, एकरकमी पैसा येतो. आम्ही आठ जणांकडून घेतले, १६,००८ जमले, त्यातून नेत्रिका आणि तिपाई आली, आनंदीआनंद. पुढे हे आठ जण हक्काने येतात, चहा पितात, मत देतात, आणि कधीच काही देत नाहीत. त्यांचा दोष नाही, आम्ही पुढची सगळी वर्षं आजच्या हिशेबाने जेमतेम सव्वा-दीड वर्षाच्या पैशांत विकली. हिशेब असा करा: १,५०० रुपये दरवर्षी व्याजातून यायला हवे असतील आणि ठेवीवर ७ टक्के मिळत असतील, तर मुद्दल २१ हजारांच्या वर लागतं, आणि ते मोडायचं नाही. भाडं वाढत जातं ते वेगळंच. २१ हजार देणारा कुणी असेल तर जरूर घ्या. २,००१ वाल्याला नम्रपणे नाही म्हणा.

थकबाकीदारांसाठी एक गोष्ट माहीत असू द्या. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार संस्था नोंदवायला किमान सात जण लागतात, आणि त्याच कायद्याच्या १५व्या कलमात म्हटलंय की ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली त्याला मताचा अधिकार नाही आणि तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. तुमची नोंदणी झालेली नसली तरी हाच नियम उचलून स्वतःच्या नियमावलीत घाला. मागे लागावं लागत नाही, भांडावं लागत नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून आणि मुंबईचं खगोल मंडळ १९८५पासून चालू आहे. त्यांच्या मानाने आपण अगदी लहान, पण सात माणसं आणि नीट पावतीपुस्तक आपल्यालाही परवडतं. बँक खातं मात्र कुणाच्या वैयक्तिक नावावर ठेवू नका. आमचं चार वर्षं माझ्या नावावर होतं आणि त्याचं व्याज माझ्या विवरणपत्रात दाखवताना मला फार विचित्र वाटायचं.

आता तुमचा आकडा. १२ हजारांत दुर्बिणीचा घसारा नाही. ४५ हजारांची दहा वर्षांवर पसरली तर वर्षाला साडेचार हजार. खोली आज फुकट आहे, पण मुख्याध्यापक बदलले की चित्र बदलू शकतं. त्यासाठी साडेतीन हजार दरवर्षी बाजूला टाका. झाले २० हजार. ३० नावांतले खरोखर देणारे मी २४ धरतो, १६ कमावते आणि ८ विद्यार्थी. १६ अधिक ४, बरोबर २० हिस्से. कमावत्यांना १,०००, विद्यार्थ्यांना ५००. पोरांना आधीच्या ४०० पेक्षा १०० जास्त पडतील, पण माळावरच्या गाडीचे पैसे यात नाहीत हे त्यांना समजावून सांगा, आणि एखाद्याला ते १०० खरंच जड असतील तर वर म्हटलं तसं गुपचूप सोडून द्या.

पहिल्या वर्षी २४ च्या जागी २० च जणांनी दिले तर घाबरून पुढच्या वर्षी आकडा वाढवू नका. आधी साडेतीन हजारांची तरतूद थांबवा, घसाऱ्याला हात लावू नका. आणि ती आठ इंची सध्या शाळेत कुठल्या कपाटात आहे, भिंतीला ओल आहे का, नेत्रिका कशात ठेवल्यात, हे सभेच्या आधी एकदा स्वतः जाऊन बघून या.